टोपली ते बुलडोझर : बीईएमएल विकताना आपले काय विकले जाते?



बुलडोझर हा शब्द उच्चारला की आज डोळ्यासमोर काय येते? कुणाचे तरी पाडलेले घर, रस्त्यावर फेकलेली भांडी आणि टाळ्या वाजवणारा जमाव. गेल्या काही वर्षांत या यंत्राची राजकारणात अशी काही मिरवणूक निघाली की ते कोण बनवते, कुठे बनवते आणि कशासाठी बनवायला घेतले होते, हे कुणी विचारतच नाही. आज मला तेच विचारायचे आहे. कारण या देशात बुलडोझर बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्याचा इतिहास आपल्या इतिहासात पार गुंतलेला आहे, आणि तो कारखाना विकायला काढला तेव्हा आंबेडकरी चळवळीतून म्हणावा तसा आवाज उठला नाही.

कारखान्याचे नाव भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड, म्हणजे बीईएमएल. मुख्यालय बंगळुरूत. आपल्याला तो परका वाटतो, पण मुंबईत दहिसर-अंधेरीच्या मेट्रो २ए आणि ७ या मार्गांवर ज्या गाड्या धावतात त्या याच कारखान्याने बनवलेल्या आहेत. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांनी याचे डोझर आणि डंपर जवळून पाहिलेले असतील. थोडक्यात, आपण रोज ज्याच्या डब्यात बसतो तो हा कारखाना.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या देशात माती कुणी उपसली?

यंत्र येण्याआधी विहीर, तळे, कालवा, धरण, रेल्वेचा भराव हे सगळे माणसाच्या डोक्यावरच्या टोपलीतून झाले आहे. ते डोके कुणाचे होते हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. महाराष्ट्रात माती वडार ही जातच मातीकामावरून ओळखली जाते. हाच समाज कर्नाटकात भोवी म्हणून ओळखला जातो आणि तिथे अनुसूचित जातीत मोडतो, तर महाराष्ट्रात विमुक्त जातीत. राज्याची सीमा ओलांडली की यादी बदलते, डोक्यावरची टोपली तीच राहते. नागार्जुनसागरसारखे प्रचंड दगडी धरण स्वातंत्र्यानंतर हजारो मजुरांच्या हातांनी उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडायला आणि मातीकामाला कोण गेले, हे आपल्या आज्यांना विचारा. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांनीच सर्वांत जास्त जमीन खणली.

म्हणून माती उपसण्याचे यंत्र ही आपल्यासाठी निव्वळ तांत्रिक बाब नाही. यंत्र आल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, टोपली उचलणाऱ्याची टोपली जाते आणि तो उपाशी मरतो. दुसरी, टोपली उचलणाऱ्याचा मुलगा आयटीआय करून तेच यंत्र बनवायला कारखान्यात जातो. या दोन्हींपैकी काय होणार, हे यंत्र ठरवत नाही. यंत्र कुणाच्या मालकीचे आहे आणि कारखान्याच्या फाटकावर कुणाचा कायदा चालतो, यावर ते ठरते.

बीईएमएलची स्थापना मे १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत झाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये रेल्वेचे डबे बनवणारा जो विभाग होता, तो १९६५ पासून या कंपनीकडे आला. चीन युद्धाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. सीमेवर रस्ते हवे होते, देशात धरणे आणि खाणींची कामे सुरू होती, आणि माती हलवणारी मोठी यंत्रे बाहेरच्या देशांतून आणावी लागत होती. ती इथे बनवायची, हा उद्देश होता. पुढे जपानच्या कोमात्सु कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून डोझर बनू लागले. १९८६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाशी करार होऊन टाट्रा ट्रक आले. आज क्षेपणास्त्रे वाहून नेणारी अनेक वाहने त्यांच्यावरच उभी आहेत. बंगळुरूत रेल्वे आणि मेट्रोचे डबे, म्हैसूरला डंपर आणि इंजिने, नंतर केरळात पालक्काडला एक कारखाना. आणि माती हलवणाऱ्या यंत्रांचा कारखाना कुठे? कोलार गोल्ड फील्ड्समध्ये, म्हणजे केजीएफमध्ये.

हे गाव आंबेडकरी तरुणाला सिनेमामुळे माहीत आहे. वाईट याचे वाटते की सिनेमाच्या पलीकडे माहीत नाही.

१८८० च्या दशकात जॉन टेलर या ब्रिटिश कंपनीने तिथे सोन्याच्या खाणी चालवायला घेतल्या. खाली उतरायला माणसे आणली ती प्रामुख्याने तमिळ भागातली, आणि त्यांत मोठा भरणा अस्पृश्य ठरवलेल्या जातींचा. वर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, खाली अंधारात दलित. खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झाली, खडक फुटून माणसे गाडली गेली. सोने वर आले, मजूर कुली लाइनीतच राहिले. १९३० मध्ये कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचे ठरवले, तेव्हा हजारो मजुरांनी संप केला. आम्ही कामगार आहोत, गुन्हेगार नाही, हा त्यामागचा स्वाभिमान होता. गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ज्यांच्या कपाळावर मारला गेला, त्या आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि याच मजुरांनी आणखी एक गोष्ट केली. पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याच्या शाखा कोलारच्या खाण कामगारांमध्ये, मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ इथे उभ्या राहिल्या. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या कितीतरी वर्षे आधी तिथले दलित कामगार बुद्धाकडे वळले होते. अयोथी दासांच्या मृत्यूनंतर त्यांचे 'तमिळन' हे पत्र काही काळ कोलारमधूनच निघाले. पुढे याच भागाने रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. अरुमुगम यांना आमदार म्हणून निवडून दिले. नीट विचार करा, हे कसे शक्य झाले? ठेकेदाराच्या आणि सावकाराच्या गावातून निघून माणसे एका औद्योगिक वस्तीत एकत्र आली. रोख मजुरी मिळाली. गावच्या पाटलाची मेहेरबानी संपली. संघटना उभी राहिली. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे जा असे का सांगितले, याचे कोलार हे जिवंत उदाहरण आहे.

पण खाणीत दलिताला प्रवेश होता तो फक्त खाली. खाजगी मालक तुम्हाला कामावर घेतो, पण कुठल्या कामावर घेतो हे जात ठरवते. आपल्या मुंबईच्या कापड गिरण्यांत काय होते? सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य चालत, विणाईच्या खात्यात नाही. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. मजुरी मात्र विणाई खात्यात जास्त. १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला, तो याचसाठी. 'जातिनिर्मूलना'त जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असे त्यांनी मांडले, त्याला गिरणीतल्या या अनुभवाचाही आधार होता. मालक परदेशी असो की देशी, भांडवल कितीही आधुनिक असो, खात्याच्या दारावर मनू उभाच होता.

तो दारावरून कधी हटला? कायद्याने हटवला तेव्हा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्यांतील आरक्षणाबरोबर एक मागणी होती जी आपण फारशी सांगत नाही : आमच्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत तांत्रिक शिक्षण द्या. वकील, शिक्षक, कारकून यांच्यापुढे त्यांची नजर गेली होती. यंत्रावर उभा असलेला दलित त्यांना हवा होता. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. आणि १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत. ते रशियाची नक्कल करत नव्हते. ज्यांच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्यांचे मूलभूत हक्क खाजगी मालकाच्या फाटकावर गळून पडतात, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

सार्वजनिक कारखाना हा त्या विचाराचा अर्धामुर्धा का होईना, पण प्रत्यक्षात उतरलेला नमुना होता. तिथे भरतीची जाहिरात निघते. बिंदुनामावली असते. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५ टक्के, मंडलनंतर ओबीसींना २७ टक्के जागा मिळतात. लेथवर, वेल्डिंगवर, फाउंड्रीत, डिझाइनच्या टेबलावर कुणी बसायचे हे मालकाचा मेहुणा ठरवत नाही. टोपली वाहणाऱ्याच्या पोराला डोझरचा गिअर बॉक्स जोडायला मिळाला तो या दारातून.

आता कुणी म्हणेल, फार गोडवे गाताय. बरोबर आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सार्वजनिक उद्योगांतही आपल्याला सगळीकडे न्याय मिळाला नाही. आरक्षण सर्वांत तत्परतेने भरले गेले ते झाडू मारण्याच्या जागांवर, आणि वरच्या वर्गात 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा वर्षानुवर्षे चालला. पदोन्नतीत गोपनीय अहवालाची सुरी फिरली. अनुशेष साचला. आणि नव्वदच्या दशकानंतर एक नवी युक्ती आली, ती म्हणजे ठेकेदारी. साफसफाई, कॅन्टीन, सामान चढवणे-उतरवणे, सुरक्षा ही कामे कायम नोकरीतून काढून ठेकेदाराला दिली गेली. गंमत बघा. काम करणारा माणूस तोच राहिला, त्याची जातही तीच राहिली, फक्त त्याची नोकरी, भविष्य निर्वाह निधी, घर आणि युनियन गेली. म्हणजे कारखाना विकण्याच्या कितीतरी आधी आपल्यासाठी तो आतून विकला जात होता.

कोळसा खाणींतही तेच. कोळशाच्या वरचा मातीचा थर काढण्याचे काम, ज्याला खाणपट्ट्यात सगळे ओबी म्हणतात, ते मोठ्या प्रमाणावर खाजगी ठेकेदारांकडे गेले. ठेकेदार स्वतःची यंत्रे आणतो, स्वतःची माणसे आणतो. त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मेले : सरकारी खाणीतली राखीव नोकरी गेली, आणि सरकारी कारखान्याच्या डोझरचे हक्काचे गिऱ्हाईकही कमी झाले. नंतर तेच लोक विचारतात, हा कारखाना स्पर्धेत का टिकत नाही?

आता विक्रीचा हिशेब पाहू. तो इतका साधा आहे की पाचवीतल्या मुलालाही करता येईल. बीईएमएलमध्ये सरकारचा हिस्सा ५४.०३ टक्के. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या कंपनीच्या धोरणात्मक विक्रीला तत्त्वतः मंजुरी दिली. जानेवारी २०२१ मध्ये २६ टक्के हिस्सा व्यवस्थापनाच्या ताब्यासह विकण्यासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. ५४.०३ मधून २६ गेले, उरले २८.०३. कंपनी कायद्यानुसार सरकारी कंपनी म्हणजे किमान ५१ टक्के हिस्सा सरकारचा असलेली कंपनी. म्हणजे चौथा हिस्सा विकला की सगळी कंपनी सरकारी राहत नाही, आणि त्याच दिवशी आरक्षणाचे बंधन कारखान्याच्या फाटकाबाहेर जाते. घटनेत एका अक्षराची दुरुस्ती करावी लागत नाही. संसदेत आरक्षण रद्द करण्याचा ठराव मांडावा लागत नाही. रस्त्यावर कुणी उतरत नाही, कारण काय गेले हेच कुणाला कळत नाही. विक्री सोपी व्हावी म्हणून कंपनीची जादा जमीन वेगळी काढून तिच्यासाठी निराळी कंपनीही करण्यात आली. विक्रीची प्रक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळली याचे श्रेय विरोध करणाऱ्या कामगारांनाही द्यावे लागेल. पण रेंगाळणे म्हणजे रद्द होणे नव्हे.

न्यायालय वाचवेल असे ज्यांना वाटते त्यांनी बाल्कोचा निकाल वाचावा. छत्तीसगडमधील कोरबा येथील ही सरकारी ॲल्युमिनियम कंपनी. २००१ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा स्टरलाइट कंपनीला सुमारे ५५१ कोटी रुपयांना विकला गेला. कामगारांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की मालक बदलला की सरकारी नोकर म्हणून आम्हाला मिळणारे घटनात्मक संरक्षण जाते. डिसेंबर २००१ च्या निकालात न्यायालयाने विक्री कायम ठेवली. निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा भाग आहे आणि ती रोखण्याचा हक्क कामगारांना नाही, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे हा लढा कोर्टाच्या पायरीवर जिंकता येणारा नाही. तो राजकीय लढा आहे.

विक्रीच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी होतात. त्यांना उत्तर देऊ.

पहिला, सरकारी कारखाने तोट्यात असतात. हा कारखाना २०२३-२४ मध्ये सुमारे २८० कोटी रुपये नफ्यात होता. ज्या वंदे भारत स्लीपर गाडीचे फोटो मंत्री अभिमानाने काढतात, तिचा पहिला नमुना याच कारखान्याने बनवला. म्हणजे विक्रीमागे तोटा हे कारण नाही.

दुसरा, सरकारी कारखान्यात भ्रष्टाचार असतो. टाट्रा ट्रकचे प्रकरण याच कंपनीभोवती गाजले. २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी १४ कोटींची लाच देऊ केल्याचा आरोप केला, सीबीआयने चौकशी केली. चौकशी जरूर व्हावी. पण आरोप ट्रकच्या खरेदी-व्यवहारावर, आणि शिक्षा वेल्डरच्या पोराच्या भावी नोकरीला, हा कुठला न्याय? खाजगी बँका बुडाल्या, खाजगी विमान कंपन्या कर्ज बुडवून पळाल्या, तेव्हा भ्रष्टाचारावर उपाय म्हणून त्यांचे राष्ट्रीयीकरण करा असे कुणी म्हटल्याचे ऐकले आहे का?

आणि खाजगी क्षेत्रात आरक्षणाचे काय? २००४ पासून त्यावर समित्या झाल्या, बैठका झाल्या, उद्योगपतींनी स्वेच्छेने काहीतरी करण्याची आश्वासने दिली. केंद्राचा कायदा झाला नाही. आधी कायदा करा आणि मग विका, एवढे साधे वाक्यही आपले राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेले खासदार संसदेत एकमुखाने बोलले नाहीत, ही आपली शोकांतिका आहे.

सार्वजनिक उद्योग गेला की वस्तीचे काय होते हे पाहायला लांब जायला नको. त्याच केजीएफमध्ये सोन्याची सरकारी खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. सव्वाशे वर्षे सोने काढणाऱ्यांची मुले आज मारिकुप्पमहून पहाटेची गाडी पकडून बंगळुरूला मिळेल त्या कामाला जातात आणि रात्री परततात. शाळा, दवाखाना, वीज, पाणी, सगळे खाणीबरोबर आटले. बुद्धविहार उभे आहेत, पण त्यांच्याभोवतीचा संघटित कामगार विखुरला. अशा गावात बीईएमएलचा कारखाना किती मोलाचा आधार आहे, हे दिल्लीतल्या फाइलीत दिसत नाही.

मग आपण काय करायचे? नुसत्या घोषणा पुरत नाहीत, म्हणून चार कामे सांगतो.

एक, आपल्या जिल्ह्यात जो सार्वजनिक उद्योग असेल, मग तो आयुध निर्माणी असो, कोळसा खाण असो की बँक, त्याचा वार्षिक अहवाल काढा. त्यात गटवार अनुसूचित जाती-जमातींची संख्या दिलेली असते. गट अ मध्ये किती आणि गट ड मध्ये किती, हा तक्ता वस्तीतल्या फलकावर लावा.

दोन, माहितीच्या अधिकारात बिंदुनामावली, अनुशेष आणि ठेकेदारी कामगारांची संख्या मागा. केंद्राच्या आदेशानुसार ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. ते पाळले जाते का, हे विचारा. प्रत्येक उपक्रमात अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो, त्याला लेखी प्रश्न करा, आणि उत्तर आले नाही तर अनुसूचित जाती आयोगाकडे जा.

तीन, आयटीआय झालेल्या पोरांना शिकाऊ उमेदवारीच्या जागांची माहिती द्या. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ मध्येही अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. स्पर्धा परीक्षांच्या मागे आयुष्याची दहा वर्षे घालवणाऱ्या आपल्या पिढीने यंत्राकडे पाठ फिरवली आहे. बाबासाहेबांची १९४२ ची मागणी आपणच विसरलो.

चार, आपल्या कर्मचारी संघटनांनी पदोन्नती आणि बदली यापलीकडे पाहावे. कायम कामगारांच्या संघटनेत ठेकेदारी सफाई कामगाराला सभासद करून घ्या. तो बहुतेक वेळा आपलाच भाऊ किंवा बहीण असतो. त्याला बाहेर ठेवून वाचवलेला कारखाना आपला म्हणता येणार नाही.

पुढच्या वेळी कुणी विचारले की एका कारखान्याची विक्री आणि आंबेडकरी चळवळ यांचा काय संबंध, तर त्याला टोपलीची आठवण करून द्या. ती टोपली डोक्यावरून उतरवायला आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या. ज्या दारातून आपण ती बाहेर ठेवून आत गेलो, ते दार आता बाजारात मांडले आहे.

जय भीम! जय संविधान!